वीज जाते तेव्हा टाकीतील माशांचे काय?

आमचा धंदा कापडाचा. विजेचे महत्त्व आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. भिवंडी-मालेगावचे माग थांबले की त्याचा परिणाम आमच्या गल्ल्यापर्यंत येतो. पण मागावरचे सूत वीज आल्यावर पुन्हा कामाला येते. काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्याचे तसे नाही. उन्हाळ्यात चार-सहा तास वीज गेली आणि काही तजवीज केलेली नसेल, तर वीज परत येते, मासा परत येत नाही.

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी दुकानात वा दिवाणखान्यात शोभेची टाकी ठेवणारे असोत, की अमरावती-अकोल्यात रंगीत मासे विकणारे दुकानदार असोत, प्रश्न सर्वांचा एकच आहे. शौकिनाचा जीव त्यात गुंतलेला असतो, दुकानदाराचे भांडवल. म्हणून या विषयाचा हिशेब व्यापाऱ्याच्या पद्धतीने मांडावा असे आम्हाला वाटले.

वीज जाण्याचा अनुभव वऱ्हाडाला नवा नाही. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. गावोगावी तासन्तास अंधार असे. ते दिवस आता मागे पडले, तरी मे-जूनच्या वादळात झाड तारेवर पडते, खांब वाकतो आणि दुरुस्ती होईपर्यंत थांबावेच लागते. मोठी शहरेही यातून सुटलेली नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व परिसराची वीज एकाएकी गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. तेव्हा वीज जाणारच नाही या भरवशावर कोणी राहू नये.

माशाला हवे काय?

माशाला वीज नको असते, त्याला प्राणवायू हवा असतो. पंपाचे बुडबुडे वर येताना पाणी ढवळतात, खालचे पाणी पृष्ठभागावर आणतात आणि तेथे हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो. पंप बंद पडला की पाणी निश्चल होते आणि ही आवक मंदावते. खर्च मात्र चालूच राहतो.

शिल्लक किती असते तेही पाहू. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात फार तर ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २५ अंशाला ८.३ आणि ३० अंशाला ७.६ मिलिग्रॅम. पाणी जितके गरम, तितका प्राणवायू कमी. उलट उष्णतेत माशाचा श्वास जलद चालतो, म्हणजे त्याची गरज वाढते. उत्पन्न घटावे आणि खर्च वाढावा, असा हा मामला आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणून थंडीत ज्या टाकीला काही झाले नाही तीच टाकी उन्हाळ्यात दगा देते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत साधारण ५० लिटर पाणी धरा. ३० अंशाला त्यात सगळा मिळून ३८० मिलिग्रॅम प्राणवायू, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. एवढा प्राणवायू दीड लिटर हवेत असतो! इतक्या तुटपुंज्या पुंजीवर टाकीतील सर्व मासे जगत असतात. टाकीत गर्दी असेल तर ही पुंजी लवकर संपते.

आधी लोड मोजा

टाकीवरच्या सगळ्या वस्तू बॅटरीवर चालवण्याची गरज नाही. दिवा बंद राहिला तरी माशांचे बिघडत नाही. हीटर शंभर वॅट खातो, पण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात त्याचे कामच नाही. फिल्टरची मोटर दहा-वीस वॅट घेते. लहान हवेचा पंप मात्र केवळ तीन ते पाच वॅटचा असतो. अडचणीच्या वेळी या एकाच पंपाची सोय केली की पुरते.

चार मार्ग

पहिला मार्ग, घरात इन्व्हर्टर असेल त्याचा. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १८०० वॅट-तास भरतात. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो, म्हणजे एका पंख्याच्या विजेत पाच वॅटचे पंधरा पंप चालतील. अशा बांधवांनी वेगळी खरेदी करू नये. इलेक्ट्रिशियनकडून इन्व्हर्टरच्या लाइनीवर टाकीजवळ एक पॉइंट काढून घ्यावा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असल्यास उत्तम. स्क्वेअर वेव्हवर पंप जास्त गुणगुणतो व तापतो.

दुसरा मार्ग, सेलवर चालणारा पंप. टॉर्चचे दोन मोठे सेल घातले की तो बरेच तास चालतो. वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारे पंपही मिळतात. एका लहान टाकीसाठी हा सर्वांत स्वस्त उपाय. सेल वर्षानुवर्षे आत पडून राहिले तर ते पाझरतात आणि पंप खराब करतात, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा मार्ग, मोबाइलच्या पॉवर बँकेचा. यूएसबीवर चालणारा पंप एक-दोन वॅटच घेतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून सुमारे २५ वॅट-तास हाती लागतात, म्हणजे बारा ते चोवीस तास काम होते. मात्र काही पॉवर बँका विजेची मागणी फार कमी दिसली की आपोआप बंद पडतात. विकत घेताना दुकानातच अर्धा-पाऊण तास पंप लावून पाहावे.

चौथा मार्ग, १२ व्होल्टची लहान बॅटरी. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तशी ७ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या. १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॅट-तास. बॅटरी टिकावी म्हणून निम्मीच वापरायची, म्हणजे ४२. त्यावर १२ व्होल्टचा चार वॅटचा पंप थेट जोडला तर दहा तास चालेल. हीच बॅटरी इन्व्हर्टरला लावून २३० व्होल्टचा पंप चालवाल, तर इन्व्हर्टर स्वतःसाठीच आठ-दहा वॅट खातो आणि तीन तासांत कारभार आटोपतो. मालापेक्षा दलाली जास्त, असा हा सौदा होतो. लहान कामाला बॅटरीवर थेट चालणारा पंपच बरा.

कारागिरांसाठी काम

वायरिंग, बॅटरी वा मोबाइल दुरुस्तीचा हुनर ज्यांच्या हाती आहे त्यांना हा चौथा संच सहज जुळवता येईल. २३० व्होल्टच्या कॉइलचा एक रिले घ्यावा आणि कॉइलला घरची वीज द्यावी. वीज आहे तोवर कॉइल पट्टी ओढून धरते आणि बॅटरीचा मार्ग तुटलेला राहतो. वीज गेली की पट्टी सुटते, मार्ग जुळतो आणि बॅटरीवरचा पंप सुरू होतो. रात्री दोन वाजता कोणी उठायला नको. बॅटरीजवळ फ्यूज अवश्य लावावा. चार्जर १३.५ ते १३.८ व्होल्टवर थांबणारा असावा, नाहीतर बॅटरी उकळून निकामी होते. २३० व्होल्टचा भाग बंद डब्यात ठेवावा आणि प्लगला जाणारी वायर आधी खाली वळण देऊन मग वर न्यावी, म्हणजे पाण्याचा थेंब वायरीवरून प्लगमध्ये शिरणार नाही.

दहा-वीस टाक्यांचे दुकान असेल तर प्रत्येक टाकीला वेगळा पंप न ठेवता ४० वॅटचा एक मोठा पंप व पाइपलाइन ठेवावी. इन्व्हर्टरची खोट धरून ६० वॅट मोजा. १०० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी वापरली तरी दहा तास निभावते. त्याहून जास्त वेळेसाठी जनरेटर लागेल, पण तो बाहेर मोकळ्यावरच ठेवावा. त्याच्या धुरातला विषारी वायू बंद जागेत माणसाचाही जीव घेतो.

लहान पण जरुरीच्या गोष्टी

पंप थांबला की टाकीतले पाणी हवेच्या नळीतून उलटे पंपात उतरू शकते. यासाठी नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालावा किंवा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला तर आतले पाणी सडते. वीज आल्यावर ते फेकून, फिल्टर टाकीच्याच पाण्यात खंगाळून मग सुरू करावा.

हाताशी काहीच नसेल तर झाकण काढावे, खाणे बंद ठेवावे आणि मगाने टाकीतलेच पाणी वीतभर उंचीवरून पुन्हा पुन्हा ओतावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी असे केले तरी बराच आधार होतो. पाणी फार तापले असेल तर बर्फ थेट न टाकता बंद बाटलीत घालून तरंगत ठेवावा. गोल्डफिश आणि मोठे मासे आधी बेजार होतात. फायटर व गुरामी वरची हवा घेऊ शकतात, म्हणून ते जास्त टिकतात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की वेळ थोडा उरला असे समजावे.

आमचा शेवटचा सल्ला एवढाच की कागदावरच्या तासांवर विसंबू नये. बॅटरी जुनी होते, उन्हाने तिची ताकद घटते. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घड्याळ समोर ठेवून मेन स्विच बंद करावा आणि पंप खरोखर किती तास चालतो ते लिहून ठेवावे. मार्च महिन्यात ही परीक्षा दरवर्षी घ्यावी. मुक्या जीवाला आपण काचेत ठेवले आहे. त्याला तळे सोडून जाता येत नाही, तेव्हा त्याच्या श्वासाची जबाबदारी आपल्यावरच आहे.