मूळ दोष एक

सकाळी ६.४५
चौथा शनिवार, बँक बंद. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि तिच्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ ठेवला. महिनाभर तो नुसता घुमतो आहे. आवाजाचं बटण पार खाली आणलं तरी घुमणं तेवढंच. म्हणजे दुखणं स्टेशन पकडणाऱ्या भागात नाही, वीजपुरवठ्यात आहे. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. रेक्टिफायर व्हॉल्व्ह त्यांच्या १०० उसळ्या एकाच दिशेने पुढे पाठवतो आणि त्या सपाट करायचं काम मोठ्या कंडेन्सरचं. साठ वर्षांत त्याच्या पोटातला ओलावा वाळतो, मग उसळ्या थेट स्पीकरवर येतात. चहा संपायच्या आत निदान झालं. इथपर्यंत मी मेकॅनिक होतो.

७.३०
प्लग काढला. मागचा पुठ्ठा काढला, बटणं ओढून घेतली, खालचे चार स्क्रू सोडले. चासी, म्हणजे आतला सांगाडा, बाहेर ओढली आणि बारीकसा ‘टक्’ असा आवाज आला. स्टेशन दाखवणाऱ्या काट्याची दोरी. ती चासीवरच्या चाकाला दोन वेढे घेऊन, तीन कप्प्यांवरून फिरून, स्प्रिंगला अडकवलेली असते, हे आता कळलं. वेढे कुठून कुठे होते ते मात्र गेलं. चासीला हात लावण्याआधी फोटो काढायचा असतो.

८.४५
डायलची सुटी झालेली काच हातात होती. धुराने पिवळी पडली होती, म्हणून साबणाचं पाणी आणि स्पंज घेतला. गावांची नावं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात, आणि मी तीच बाजू घासत होतो. पहिल्या हातात धूळ गेली, दुसऱ्या हातात ‘सिलोन’ गेलं. मी घाबरून काच पाण्याने धुतली, तेव्हा ‘लंडन’ही गेलं आणि ‘मुंबई’चा नुसता ‘मुं’ उरला. बादलीतलं पाणी सोनेरी झालं होतं.

आई मागे येऊन उभी राहिली. “अरे, सिलोन कुठं गेलं?”

१९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर आपल्या पुण्याचे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लागली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठला आईच्या माहेरी भांडी घासायचीसुद्धा थांबत, असं ती सांगते. ते स्टेशन मी आत्ता मोरीत ओतलं होतं.

१०.३०
बुधवार पेठ, तपकीर गल्ली. दुकानातले काका सत्तरीचे असावेत.

“सत्तेचाळीस मायक्रोफॅरड, चारशे पन्नास व्होल्ट, दोन द्या.”

“व्हॉल्व्हचा सेट? काच पुसली नाहीस ना?”

मी रस्त्याकडे बघितलं.

त्यांनी कंडेन्सर दिले, काट्यासाठी नायलॉनची दोरी दिली आणि एक बल्ब होल्डर पुढे सरकवला. “साठ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लाव, मगच सेट चालू कर. बल्ब भकभकून पेटला तर आत शॉर्ट आहे. पेटून मंदावला तर चालू दे. आणि काम करताना डावा हात खिशात.”

दुपारी १.००
प्लग काढलेला असला तरी कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट केलं की ठिणगी उडते, म्हणून १० किलो-ओहमचा रेझिस्टर टोकांना लावला आणि दहा सेकंद धरला. मग मीटर लावून शून्य बघितलं. जुना कंडेन्सर काढून दोन्ही नव्यांना डाग दिले.

२.१५
स्विच टाकला. बल्ब लखलखला आणि तसाच राहिला. प्लग ओढला. एक कंडेन्सर मी उलटा जोडला होता, त्याची उणे बाजूची पट्टी अधिककडे होती. हात लावला तर चांगलाच तापलेला. बल्ब मध्ये नसता तर तो फुटलाच असता. आणलेले दोन्ही कंडेन्सर सेटमध्ये लागले होते, जादा आणला नव्हता. पुन्हा गल्ली. काकांनी काही विचारलं नाही, एकाऐवजी दोन दिले.

४.३०
बल्ब पेटला, मंदावला. व्हॉल्व्हच्या तारा नारिंगी झाल्या आणि अर्ध्या मिनिटात ट्यूनिंगचा हिरवा डोळा उघडला. घुमणं नाही. एक बाई कांद्याच्या भावाबद्दल बोलत होती.

५.१५ ते ७.१५
दोरी. तिसऱ्या खेपेला काटा सरकला. चासी आत गेली, काच बसली.

७.३०
“पुणं लाव,” आई म्हणाली.

पुण्याचं नाव पुसलं गेलं होतं, पण काचेच्या पुढच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका तसाच होता. आई नवी नवरी असताना आजोबांची नजर अधू झाली होती आणि सकाळच्या बातम्या चुकू नयेत म्हणून ७९२ किलोहर्ट्झवर तो ठिपका तिनेच लावला होता. मी काटा ठिपक्याखाली आणला. खरखर. बटण फिरवत गेलो, तर पुणे सापडलं, पण काटा दुसऱ्याच बाजूला. दोरी मी उलट्या दिशेने गुंडाळली होती. रेडिओ बरोबर होता, काटा खोटं बोलत होता.

आई बघत राहिली. “आमचं पुणं तिकडं कधी गेलं?”

रात्री ९.४०
चासी पुन्हा बाहेर काढली. या वेळी आधी फोटो काढला. वेढे उलटवले. काटा ठिपक्याखाली आला आणि पुणे लागलं.

१०.१५
वहीत नोंद. मूळ दोष १: कंडेन्सर. मी घातलेले दोष ४: दोरी, काच, उलटा कंडेन्सर, उलटा काटा. पाचपैकी चार दुरुस्त. काच राहिली.

आईने मागच्या खोलीतून विचारलं, “उद्या सातला लागेल ना?”

मी ठिपक्यावर बोट ठेवून बघितलं. अजून खडबडीत लागतो.