गाळाची कांडी

वडनेर भोलजीच्या शिवारात मृगाचा दणक्याचा पाऊस झाला की काळी माती ओघळीला लागते. मलकापूर-नांदुऱ्यामधल्या या गावचं पाणी पूर्णेत जातं, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे खंबातच्या आखातात. शेतकऱ्याच्या लेखी ती माती गेली ती गेलीच. खाडीकाठचा चिखल वाचणाऱ्यांचं काम मात्र तिथून सुरू होतं.

ही विद्या आपल्याकडे गोवा विद्यापीठाच्या सागरी विज्ञान विभागात चांगली रुजली. प्रा. जी. एन. नायक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मांडवी-झुआरीपासून कोकणातल्या खाड्यांपर्यंत गाळाचे नमुने काढले. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायचं, प्लॅस्टिकचा पाइप सरळ खाली दाबायचा आणि आतला गाळ न ढळता कांडीसारखा वर काढायचा. वरचा थर तपकिरी, खाली काळपट, कुजक्या अंड्याच्या वासाचा. या कांडीचे दोन-दोन सेंटिमीटरचे काप पाडायचे, तेही प्लॅस्टिकच्या सुरीने. पोलादी सुरीचा कण लागला तरी धातूंचं मोजमाप बिघडायचं.

कोणता थर कधीचा, हे शिसं-२१० सांगतं. हवेतल्या रेडॉनपासून ते तयार होतं, पावसाबरोबर खाली येतं आणि सुमारे 22 वर्षांत निम्मं उरतं. त्यामुळे शे-दीडशे वर्षांचा काळ मोजता येतो. पडताळ्याला सीझियम-१३७ आहे. अणुचाचण्यांच्या धुरळ्यातून आलेल्या या द्रव्याचं प्रमाण 1963च्या सुमाराच्या थरात सर्वांत जास्त सापडतं.

मग त्या थरांतून खाडीचा भोवताल उलगडतो. मांडवीतून बार्जने खनिज जाई, त्या काळात लोह-मँगनीजची भर पडलेली दिसते. उल्हास आणि ठाण्याच्या खाडीत कारखानदारीच्या खुणा आहेत. पण इथे घाई नडते. लोह आणि मँगनीज चिखलात विरघळून वर सरकतात, खेकडे बिळं करून थर कालवतात, आणि बारीक चिकणमाती मुळातच धातू जास्त धरून ठेवते. या बारीक मातीचा परिणाम वगळायला प्रत्येक धातूचं प्रमाण अॅल्युमिनियमशी ताडून बघतात. निष्कर्षाआधीची ही सावधगिरी मला या विद्येतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आपल्या काळ्या मातीची ओळख समुद्रातही पुसत नाही. भिजली की फुगणारं आणि वाळली की शेताला भेगा पाडणारं स्मेक्टाइट हे खनिज दख्खनच्या बेसॉल्टमधून येतं. नर्मदा-तापीने नेलेलं हे खनिज खंबातच्या बाहेरच्या समुद्रतळावर भरपूर आहे. मात्र आखातातली भरती दहा मीटरच्या घरातली, ती उघड्यावरचा गाळ सतत ढवळते. नमुना आडोशाच्या खाडीतूनच घ्यावा लागतो.

शिवाय आता सगळी माती समुद्रापर्यंत पोचत नाही. तापीवर 1972 साली उकाई धरण झालं, नंतर पूर्णा-तापी संगमाच्या खालीच हतनूर. पूर्णेचा गाळ आधी हतनूरला बसतो. गावोगावच्या तलावांतही तेच होतं. तिथल्या गाळात तलाव बांधल्यापासूनची धूप, पूर आणि रासायनिक खतांचा काळ साठलेला असतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून तो गाळ शेतात परततो, आणि तो परतलाच पाहिजे. फक्त पोकलेन उतरवण्याआधी, तलावाच्या न उकरलेल्या भागात एक पाइप उभा दाबून एवढी एक कांडी जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने काढून ठेवावी. एकदा बकेट फिरली की ते थर पुन्हा लावता येत नाहीत.