दीर्घिकांच्या बाह्य प्रदेशांतील क्ष-किरण द्वैती तारे

प्रस्तावना :
पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेते; त्यामुळे त्यांचे निरीक्षण वातावरणाबाहेरूनच करावे लागते. १९६२ साली रिकार्डो जियाकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाणातून पाठविलेल्या उपकरणाने वृश्चिक राशीत सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत शोधला. तो द्वैती तारा असल्याचे पुढे सिद्ध झाले.

स्वरूप व प्रकार :
अशा जोडीत एक घटक न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर असतो. तो सहचर ताऱ्याचे द्रव्य ओढून घेतो. हे द्रव्य चकतीच्या रूपात फिरत आत सरकते, लक्षावधी अंशांपर्यंत तापते व क्ष-किरण उत्सर्जित करते. सहचर जड असल्यास त्याचे आयुष्य अल्प असते. म्हणून अशा जोड्या ताऱ्यांच्या जन्मस्थानांजवळच आढळतात. हलका सहचर मात्र अब्जावधी वर्षे टिकतो. त्यामुळे दीर्घिकांच्या बाह्य भागांत, जेथे नवे तारे क्वचितच जन्मतात, तेथे प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारच्या जोड्या अपेक्षित असतात.

बाह्य प्रदेशांत आगमन :
याची दोन प्रमुख कारणे संभवतात. पहिले कारण गोलाकार तारकागुच्छांचे. त्यांच्या दाट गर्भात तारे परस्परांच्या निकट येऊन नव्या जोड्या बनतात. दुसरे कारण जन्मवेळच्या धक्क्याचे. अतिदीप्त नवताऱ्याचा स्फोट असमान झाल्यास संपूर्ण जोडी मूळ स्थानापासून दूर फेकली जाते.

२००० साली सप्तर्षी तारकासमूहात सापडलेला एक्सटीई जे१११८+४८० हा स्रोत या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यातील कृष्णविवर सूर्याच्या सुमारे सातपट वस्तुमानाचे असून ही जोडी आकाशगंगेच्या प्रतलापासून बरीच वर आहे. ती एखाद्या प्राचीन तारकागुच्छातून निसटली असावी, असा एक तर्क होता. तसे असते तर सहचर ताऱ्यात जड मूलद्रव्ये अत्यल्प आढळली असती. परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या वर्णपट-विश्लेषणात ती सूर्याइतपत आढळली. यावरून तिचा जन्म तबकडीत झाला व धक्क्याने ती वर गेली, या मताला बळकटी मिळाली.

निरीक्षणातील अडचण :
दूरच्या दीर्घिकांच्या कडेला दिसणारे अनेक क्ष-किरण बिंदू प्रत्यक्षात त्यांच्या पलीकडील सक्रिय दीर्घिकांची केंद्रे असतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाच्या, १९९९ साली प्रक्षेपित झालेल्या चंद्र वेधशाळेची सूक्ष्म विभेदनक्षमता येथे उपयुक्त ठरली. तरीही पार्श्वभूमीवरील स्रोतांची अपेक्षित संख्या वजा केल्याखेरीज निष्कर्ष काढता येत नाही.

निष्कर्ष :
बाह्य प्रदेशांतील या जोड्या केवळ स्थानभ्रष्ट तारे नव्हेत. कृष्णविवरे जन्मताना किती जोराचा धक्का बसतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या स्थानात व गतीत दडलेले आहे.