पेशी मेल्या, म्हणून औषध झालं?

संयुक्त अरब अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या उथळ खाडीतली तिवराची झाडं कोकणातल्या माणसाला ओळखीची वाटतील. ॲव्हिसेनिया मरिना ही जात आपल्या किनाऱ्यावरही वाढते. तिच्या पानांच्या अर्काने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, असं काही देशांतल्या प्रयोगशाळांना आढळलं आहे. अशी बातमी व्हॉट्सॲपवर वाऱ्यासारखी पसरते. पण या पेशी प्रयोगशाळेतल्या ताटलीत मरतात, आणि ताटलीत त्या फिनेलनेही मरतील!

खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये अशा चाचण्यांची सोय आहे. 96 बारीक खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत माणसाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवतात आणि खळग्यांत अर्क कमी-जास्त मात्रेत सोडतात. साधारण दोन दिवसांनी सल्फोर्होडामिन-बी हा रंग घालून ताटली धुतात. गडद गुलाबी खळग्यात पेशी तगलेल्या असतात, फिकट खळग्यात अर्क लागू पडलेला असतो. शेजारी निरोगी पेशींवरही तोच प्रयोग व्हायला हवा. तिथलाही रंग फिका पडला, तर तो अर्क निवडक मारा करत नाही, सरसकट जाळतो.

यापुढची वाट किती लांब असते, हे नंदुरबारला 1925 साली जन्मलेल्या डॉ. मनसुख वाणींच्या कामातून दिसतं. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्यासह त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. 1966 मध्ये त्याची रचना जाहीर झाली. उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते जोरात चाललं. माणसांवर मात्र गाडी अडली. रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं, अस्थिमज्जा खचली आणि 1970च्या दशकात चाचण्या थांबल्या. मूळ रेणूत बदल करून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली ती 1996 मध्ये. मधे तीस वर्षं गेली.

हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात असल्याचं भारतीय शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये दाखवलं होतं. पुढे मागणी वाढली, तशी सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोडही सुरू झाली.

‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ या समजावर तर विसंबूच नये. सेंट जॉन्स वॉर्ट ही युरोपातली साधी वनस्पती. इरिनोटेकानबरोबर ती घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात औषधाचा क्रियाशील अंश 42 टक्क्यांनी घटल्याचं 2002 मधल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. घरात कुणाची केमो चालू असेल आणि सोबत काढा किंवा चूर्ण घेतलं जात असेल, तर पुढच्या खेपेला ती पुडी डॉक्टरांना दाखवाच.