दातांचे सौंदर्य आणि दंतवैद्याची निवड

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे दात वेगळे, अशी म्हण प्रसिद्ध आहे. हत्तीचे सुळे दिसायला भव्य असतात. चारा चावण्याचे काम मात्र आतल्या दाढा करतात. माणसाला निसर्गाने अशी दुहेरी सोय दिलेली नाही. ज्या दातांनी तो घास चावतो आणि ज्यांच्या आधाराने त, थ, द, ध हे दंत्य वर्ण उच्चारतो, तेच दात हसताना जगाला दिसतात. त्यामुळे केवळ दिसण्यासाठी केलेल्या उपचाराची किंमत खाण्याच्या दातांनाही मोजावी लागू शकते. दातांचे सौंदर्य वाढवणाऱ्या उपचारांचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

सुंदर दातांची कल्पनाही सर्वत्र आणि सर्वकाळ एकच नव्हती. महाराष्ट्रात एके काळी स्त्रिया दातवण लावून दात काळे करीत. उत्तर भारतात त्यासाठी मिस्सी वापरली जाई, तर जपानमध्ये विवाहित स्त्रिया दात काळे रंगवीत असत. आज चित्रपटांनी आणि जाहिरातींनी दुधासारख्या पांढऱ्या, एका ओळीतल्या दातांचा आदर्श निर्माण केला आहे. तरीही दात नीट दिसावेत ही इच्छा हिणवण्यासारखी नाही. मुलाखतीत हसताना तोंडावर हात धरणारा उमेदवार किंवा डागाळलेल्या दातांमुळे चारचौघांत बोलणे टाळणारी तरुणी यांच्या दृष्टीने हा प्रश्न आत्मविश्वासाचा असतो. प्रश्न एवढाच, की त्या इच्छेपोटी निवडलेला उपाय योग्य आहे काय?

हे ठरवण्यासाठी दाताची रचना समजून घ्यावी लागते. दाताच्या बाहेरील कठीण आवरणाला दंतवल्क किंवा एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याच्या आत किंचित पिवळसर असे दंतिन आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व चेतातंतू असलेला मऊ गाभा असतो. दंतवल्क काहीसे पारदर्शक असल्यामुळे आतील दंतिनाची पिवळसर छटा बाहेर दिसते. म्हणजेच निरोगी दातही कागदासारखा पांढरा नसतो. दंतवल्काचे आणखी एक वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. मोडलेले हाड पुन्हा जुळते, कापलेली त्वचा भरून येते. परंतु घासून काढलेले दंतवल्क पुन्हा कधीही निर्माण होत नाही.

दातांचा रंग बदलण्याची कारणे अनेक आहेत. चहा, तंबाखू, पान आणि मिश्री यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात. मार लागून आतला गाभा मृत झाला, तर एखादाच दात काळसर पडतो. पाण्यातील अधिक फ्लोराइडमुळे, दात घडत असतानाच, बालपणी त्यांच्यावर पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह असते आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ही मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. तेलंगणातील नलगोंडा आणि महाराष्ट्रातील चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइड याहून अधिक आढळले आहे. कारण वेगळे असेल, तर उपायही वेगळा असतो. म्हणून कारण न शोधता सुचवलेला उपचार संशयास्पद मानावा.

उपचारांचा क्रम सौम्य उपायांपासून सुरू होतो. दातांवर साठलेले किटण यंत्राने काढणे, म्हणजेच स्केलिंग, ही त्यातली पहिली पायरी. स्केलिंगमुळे दात हलू लागतात, हा समज चुकीचा आहे. किटणामुळे हिरड्या आधीच सैल झालेल्या असतात आणि किटण निघाल्यावर ते जाणवते, एवढेच. अनेकांना या सफाईनंतर दुसऱ्या उपचाराची गरजच उरत नाही.

दुसरी पायरी ब्लीचिंगची. यात पेरॉक्साइडयुक्त द्रव्याने दाताचा रंग उजळवला जातो. त्यानंतर काही दिवस दात शिवशिवू शकतात आणि उजळपणा कायम टिकत नाही. दातात भरलेले सिमेंट किंवा बसवलेली कॅप यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. गर्भवती स्त्रियांनी हा उपचार पुढे ढकलणे इष्ट असते. घरी लिंबू चोळणे हा मात्र त्याला पर्याय नव्हे. लिंबातील आम्लाने दंतवल्क झिजते आणि दात अधिकच पिवळे दिसू लागतात.

तुटलेला कोपरा किंवा दोन दातांतील फट दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिट द्रव्याने भरता येते. यासाठी दात फारसा घासावा लागत नाही. व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेला चिनी मातीचा पातळ पापुद्रा. त्यासाठी बहुधा दंतवल्काचा पातळ थर काढावा लागतो. कॅप बसवण्यासाठी दात सर्व बाजूंनी घासून बारीक केला जातो. किडलेल्या, खचलेल्या किंवा रूट कॅनॉल केलेल्या दाताला कॅप संरक्षण देते. धडधाकट दाताचे मात्र ती नुकसान करू शकते. व्हेनिअर आणि कॅप यांना आयुष्यमर्यादा असते. काही वर्षांनी त्या बदलाव्या लागतात आणि तो खर्च पुन्हा उभा राहतो.

समजा, एका तरुणाचे पुढचे चार दात वेडेवाकडे आहेत आणि त्याचे लग्न महिन्यावर आले आहे. तारा लावून दात सरळ करण्यास एक ते दोन वर्षे लागू शकतात. कॅप बसवल्या, तर काम आठवड्याभरात होईल. परंतु त्यासाठी चार निरोगी दात कायमचे घासावे लागतील. कदाचित त्यांतील एखाद्याचे रूट कॅनॉलही करावे लागेल. लग्नाचे छायाचित्र सुंदर येईल, पण त्या दातांची चिंता पुढे आयुष्यभर राहील. येथे निर्णय तरुणानेच घ्यायचा असतो. मात्र दोन्ही वाटा त्याला समजावून सांगणे हे दंतवैद्याचे कर्तव्य आहे. फक्त जलद वाट दाखवणारा सल्ला अपुरा ठरतो.

यावरून दंतवैद्याची निवड किती महत्त्वाची आहे हे लक्षात येते. भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकाता येथे स्थापन केले. पुढे १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने या व्यवसायासाठी नोंदणीची व्यवस्था निर्माण केली. बी.डी.एस. ही दंतवैद्यकाची पदवी असून एम.डी.एस. ही एखाद्या शाखेतील पदव्युत्तर पदवी आहे. दंतवैद्याची पदवी आणि राज्य दंत परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. रस्त्याच्या कडेला बसून तार आणि प्लास्टिक यांच्या साहाय्याने दात घट्ट बसवून देणारा कारागीर स्वस्त वाटतो. पण त्याच्या कामामुळे हिरड्या सडतात आणि शेजारचे चांगले दातही गमवावे लागतात.

चांगल्या दंतवैद्याची ओळख त्याच्या दवाखान्याच्या झगमगाटावरून पटत नाही. तो आधी संपूर्ण तोंड तपासतो, मधुमेह, रक्तदाब आणि चालू औषधे यांची चौकशी करतो व आवश्यक तेव्हा एक्स-रे काढतो. कीड आणि हिरड्यांचे आजार बरे केल्यावरच तो सौंदर्याकडे वळतो. तंबाखू किंवा मिश्री वापरणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा असेल, जखम बरी होत नसेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर ती कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते. अशा वेळी दात पांढरे करण्यापेक्षा तपासणी तातडीची असते. उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली असावीत आणि प्रत्येक रुग्णासाठी हातमोजे नवे असावेत, हेही पाहावे.

उपचारापूर्वी रुग्णाने काही प्रश्न अवश्य विचारावेत. दात किती घासावा लागेल? याहून सौम्य उपाय आहे काय? उपचार केलाच नाही, तर काय होईल? परिणाम किती वर्षे टिकेल आणि एकूण खर्च किती येईल? खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आहे. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर शासकीय दंत महाविद्यालयांची रुग्णालये उपलब्ध असतात. तेथे अध्यापकांच्या देखरेखीखाली अल्प दरात उपचार होतात. मनात शंका राहिली, तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे. दातदुखी थांबू शकत नाही. सौंदर्याचा उपचार मात्र चार दिवस नक्कीच थांबू शकतो.

दात सुंदर दिसावेत यासाठी प्रयत्न जरूर करावेत. परंतु उपायांची शिडी खालच्या पायरीपासून चढावी. दातावर लावलेले पुष्कळदा काढता येते, दातातून काढलेले मात्र परत लावता येत नाही. हा भेद जो दंतवैद्य स्वतःहून समजावून सांगतो, त्याच्या हाती आपले हसू सोपवण्यास हरकत नसते.