फोनचंही प्रगतिपुस्तक हवं!

मुलाने शाळा बदलली की दाखला, प्रगतिपुस्तक सोबत जातं. नव्या शिक्षकांना कळतं, मदत कुठे हवी. कळंबमधून भंगारात गेलेल्या फोनसोबत मात्र काहीच जात नाही. बॅटरी कशी काढायची हे माहीत नसलं, तर चुकीच्या घावाने ती पेटते. कोबाल्टसारखे धातू वाया जातात.

उपाय म्हणजे डिजिटल नोंद : क्यूआर कोड स्कॅन केला की घटक, दुरुस्तीची माहिती समोर. युरोपीय संघात २०२७ पासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांना असा पासपोर्ट लागणार आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादक आणि पुनर्चक्रण करणारे पोर्टलवर नोंदणी करतात. पण ती कंपनीची नोंद, तुमच्या फोनची नव्हे.

तोवर मुलांकडून वहीत लिहून घ्या : मॉडेल, खरेदीची तारीख, झालेल्या दुरुस्त्या. फोन देताना ते पानही द्या.