ब्लूज म्हणजे फक्त रडगाणं? मग हा अल्बम ऐकाच!

अल्बर्ट कॉलिन्स (१९३२–१९९३), टेक्ससचा गिटारवादक. टोपणनाव ‘आइसमन’. बरीच वर्षं नवा अल्बम नव्हता. मग १९७८ मध्ये शिकागोच्या अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्सनं ‘आइस पिकिन’’ काढला.

यातलं ‘मास्टर चार्ज’ हे गाणं त्याची बायको ग्वेन हिनं लिहिलेलं. विषय? बायकोच्या हातात क्रेडिट कार्ड, आणि नवऱ्याच्या पोटात गोळा! (मास्टर चार्ज म्हणजे आजचं मास्टरकार्ड, १९७९ मध्ये नाव बदललं.) ‘कॉन्व्हर्सेशन विथ कॉलिन्स’मध्ये तर नवरा-बायकोचं भांडण आहे. तो गोष्ट सांगतो आणि गिटार ताडताड उलट उत्तरं देते. गिटारला शब्द नसले तरी कोण कुणाला काय सुनावतंय ते बरोबर कळतं.

हे जमतं कसं? तो पिक वापरत नाही, तारा थेट बोटांनी ओढतो. त्याची टेलिकास्टर गिटार मायनर कॉर्डमध्ये लावलेली, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) गिटारच्या मानेवर बराच वर. त्यामुळे स्वर धारदार, टोचणारा.

समीक्षकांनी अल्बम उचलून धरला. ग्रॅमीचं नामांकन मिळालं, आजही त्याच्या उत्तम कामांत याची गणना होते. प्रत्यक्ष ग्रॅमी मात्र नंतर आलं, रॉबर्ट क्रे आणि जॉनी कोपलँड या गिटारवादकांसोबतच्या ‘शोडाउन!’ या अल्बमसाठी.

सुरुवात ‘मास्टर चार्ज’पासून करा. महिनाअखेरीला ऐकलंत तर जास्तच पटेल! 😄